मारोतीभाऊंना उत्तर कोणी दिलं?

भूत, चकवा, झपाटणं... यातलं मी काहीच मानत नाही. गडचांदूरला एका सिमेंट कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करतो. रिपोर्ट आल्याशिवाय हा माणूस भाजी खारट झाली हेसुद्धा कबूल करत नाही, असं बायको म्हणते. तरी हे लिहितोय, आणि भीतीने नाही, शरमेने लिहितोय.

मला सॅक्सोफोनचा नाद. मारोतीभाऊ लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, सगळं आयुष्य वरातीपुढे चालण्यात गेलं. ड्रमवर रवी, मोहर्लीच्या एका जंगल रिसॉर्टमध्ये कामाला. पावसाळ्यात लग्नं नसतात, सफारीही बंद, तेव्हा आम्ही तिघांनी फ्री जॅझचा ग्रुप काढला. ठरलेली चाल नाही, ताल नाही. एकाने फुंकायचं, दुसऱ्याने ऐकून उत्तर द्यायचं. नाव ठेवलं 'ऑफ सीझन'. लग्नसराई आली तसा ग्रुप मोडला.

मागे राहिलं एकच रेकॉर्डिंग — रिसॉर्टच्या रिकाम्या डायनिंग हॉलमध्ये, भर दुपारी, टेबलावर एकच रेकॉर्डर ठेवून केलेलं. रवीने ते नेटवर टाकलं. कुठकुठल्या देशांतली माणसं ते अजून ऐकतात आणि शेवटच्या भागाबद्दल लिहितात. तिथे क्लॅरिनेट विचारतं आणि सॅक्स उत्तर देतो.

आता गंमत... म्हणजे गंमत नाहीच. त्या भागाच्या आधीच माझी रीड उभी चिरली होती. रीड म्हणजे तोंडाशी बसवलेली पातळ पट्टी. ती गेली की सॅक्स मुका, आणि दुसरी जवळ नव्हती. मी ती काढून लॅबच्या सवयीने नमुन्याच्या पिशवीत टाकली आणि सॅक्स मांडीवर घेऊन ऐकत बसलो. मारोतीभाऊ डोळे मिटून वाजवत होते, रवी खाली मान घालून ड्रमवर. त्या हॉलमध्ये सॅक्स वाजत नव्हता!

पण रेकॉर्डिंगमध्ये आहे. माझाच सॅक्स. खालची एक किल्ली दाबली की खटखटते, ती खटखटसुद्धा आहे. मागाहून काही जोडलंस का, म्हणून रवीला खोदून खोदून विचारलं. "नाई ना सर, मले ते कापाकापी येतच नाई," म्हणाला.

लोकांना मी सांगायचो, अहो, तो मी नाही. लोक म्हणायचे, किती नम्र!

मारोतीभाऊंना मात्र सांगितलं नव्हतं. त्यांनी तोच तुकडा फोनची रिंगटोन केला होता. फोन वाजला की लगेच उचलायचे नाहीत, आधी ऐकून घ्यायचे. गेल्या महिन्यात त्यांच्या घरी वाजवायला गेलो, तर पाहुण्यांसमोर त्यांनी माझा हात धरला. "वरातीत सारे नाचतेत, आयकत कोनी नाई. ह्या सायबानं मले आयकलं. उत्तर देलं."

मला इतकी लाज वाटली की तिथून उठून जावंसं वाटलं. पाहुणे गेल्यावर मी सॅक्सची पेटी उघडली, रीडची ती पिशवी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. भाऊंनी रीडवरून अंगठा फिरवला. क्लॅरिनेटलाही रीडच असते, त्यांना आणखी पुरावा नको होता.

"हे वाजनारच नाई."

"नाहीच ना, भाऊ."

"मंग मी कोनासंग बोलून राह्यलो होतो?"

त्यांनी क्लॅरिनेट पुसलं, सुटं केलं आणि पेटीत ठेवलं. त्या दिवशी आम्ही वाजवलं नाही.

परवा बाजारात भेटले. खिशातला त्यांचा फोन वाजला — फोनसोबत येते ती साधी रिंग. त्यांनी लगेच उचलला. बोलणं संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "सायेब, मले सांगतलं काऊन?"

तो सॅक्स कोणी वाजवला याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. भाऊंच्या प्रश्नाचं मात्र होतं. मला एकट्याला मोकळं व्हायचं होतं, म्हणून सांगितलं. पण ते त्यांच्या तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही. त्यांच्या भाजीच्या पिशवीकडे बघत मी म्हटलं, "वांगी चांगली मिळाली वाटतं, भाऊ..."