कुसाबाईच्या मोरीचं पाणी

आजवर किती बाळं न्हाऊ घातली, असं कुसाबाईला कुणी विचारलं की ती म्हणायची, "मोजायला ती काय कांद्याच्या गोण्या हायत?"

जन्म सायखेड्याचा, गोदावरीच्या काठचा. तिथं पाणी माणसाकडं यायचं, कधी कधी तर न बोलावता उंबऱ्याच्या आतसुद्धा. लग्न होऊन चांदवडकडच्या वस्तीवर गेली, तर तिथं माणसानंच पाण्याकडं जायचं, तेही डोक्यावर हंडा घेऊन. तिची सासू पाण्याच्या बाबतीत अशी चिक्कू की तांदळाचं धुवण म्हशीला, आंघोळीचं पाणी शेवग्याला, आणि पाव्हण्याला पेलाभर दिलेल्यातलं उरलं तर तेही तुळशीला. तिचा हात सैल सुटायचा तो एकाच जागी. वस्तीवरची बाळं तीच न्हाऊ घालायची, आणि तिथं हंडा रिकामा होईस्तोवर ओतायची. "आखडत्या हातानं न्हालेलं लेकरू जन्मभर किरकिर करतं," असं म्हणायची. कुसाबाईनं सासूकडून शिकण्यासारखं एवढंच शिकून घेतलं. बाकीचं शिकली असती तर घरात दोन सासवा झाल्या असत्या.

नवरा गेला आणि मुलगा गोरक्ष तिला नाशकात घेऊन आला. द्राक्षं पॅक करणाऱ्या कारखान्यात तो सुपरवायझर. शहराच्या कडेला नवी वसाहत झाली होती, एकाला एक चिकटलेली बैठी घरं, त्यातलं एक त्यानं घेतलं. कुसाबाईनं गावाकडून सामान म्हणून आणला तो तांब्याचा बंब.

"आई, इथं गीझर आहे," गोरक्ष म्हणाला.

"असू दे की. त्याला तेवढीच सोबत."

बंब मागच्या अंगणात बसला, मोरीला लागून. जाळायला द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या गोरक्षच आणून टाकायचा. वर्ष गेलं नाही तोच शेजारच्या सुनेला बाळ झालं, आणि तिची आई लांबची, आजारी. कुसाबाई न सांगता भिंतीपलीकडं गेली, बाळाला बघितलं आणि म्हणाली, "आण त्याला माझ्या मोरीत." तेव्हापासून वसाहतीतलं प्रत्येक बाळ त्या मोरीतून न्हाऊन निघालं. सकाळी ऊन अंगणात उतरलं की आया टॉवेलात गुंडाळलेली गाठोडी घेऊन यायच्या. कुसाबाई पाटावर पाय लांब करून बसायची, बाळ नडगीवर पालथं घालायची, वाटीतलं कोमट तेल, मग दुधात कालवलेलं डाळीचं पीठ, आणि मग पाणी, तांब्यामागून तांब्या, बाळ गप्प होऊन डोळे मिटेपर्यंत. वर ओव्याची धुरी. पैसे घ्यायची नाही. बारशाला खण-नारळ दिला तर घ्यायची आणि तो खण पुढच्या बाळाच्या कुंचीला लावायची.

असं छान चाललं होतं, आणि मध्येच गटार आलं.

म्हणजे गटार आधीपासून होतंच. वसाहतीचं सांडपाणी साफ करायचं यंत्रही होतं, कोपऱ्यात, पत्र्याच्या खोलीत. पण त्याचा खर्च कुणाच्या माथी किती मारायचा, हा वाद दरवर्षी. वसाहतीचे अध्यक्ष दिवाकरराव, निवृत्त माणूस, स्वभावानं सरळ. त्यांनी सभेत समजावून सांगितलं होतं. नळाला मीटर बसतं, गटाराला कोण बसवणार? त्यात काय काय वाहतं ते मीटरला झेपायचं नाही. म्हणून शहरंसुद्धा नळाचं पाणी मोजतात आणि म्हणतात, जेवढं आत आलं तेवढं बहुतेक बाहेर गेलं. पण उन्हाळ्यात लोक कूलरमध्ये ओततात, झाडांना घालतात, ते काही गटारात जात नाही. त्यांचा मुलगा परदेशात राहतो, तिकडं काही ठिकाणी यावर तोड आहे. थंडीच्या महिन्यांचं पाणी बघायचं आणि गटाराचा आकार, म्हणजे त्याचे पैसे, वर्षभर त्यावरच धरायचे. सगळ्यांना पटलं. डिसेंबर आणि जानेवारी, हे दोन महिने ठरले.

कुणाच्या ध्यानात आलं नाही की वसाहतीतली निम्मी लग्नं वैशाखात होतात. वैशाखातली लग्नं, आणि लग्नानंतरच्या दुसऱ्या थंडीत पाळणे. नियम लागल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात कुसाबाईच्या मोरीत बाळांची रांगच लागली. तीन माणसांच्या घराचं मीटर धर्मशाळेसारखं फिरलं, आणि पाण्याच्या बिलात गटाराचा आकार असा चढला की वर्षभर उतरायचं नाव घेईना. उन्हाळ्यात मोरी कोरडी पडली, तरी बिल आपलं थंडीतच.

दुसरा डिसेंबर आला तसं गोरक्षनं विषय काढला. "आई, हे दोन महिने थांब. फेब्रुवारीपासून सगळ्या नाशकाला न्हाऊ घाल, मी काड्या आणून देतो."

"आणि बाळं फेब्रुवारीपर्यंत थांबतील?"

"त्यांच्या घरी गीझर आहेत गं."

"गीझर धरतो का बाळाला नडगीवर?"

गोरक्ष वाईट नव्हता. संजना, त्याची बायको, तीही नव्हती, पण घर तीच चालवायची, आणि वर्षभर ते बिल हातात धरून तिचा चेहरा कसा व्हायचा हे कुसाबाईनं बघितलं होतं. ती म्हणाली, "बरं." आणि बंब पालथा घातला.

पण लोकांना सांगायचं काय? गटाराच्या बिलापायी लेकराला नाही म्हणाले, हे तोंडातून कसं काढायचं? तेव्हा ती म्हणाली, "हात दुखतोय."

हे मात्र चुकलंच. ज्या वसाहतीतली अर्धी पोरं तुमच्या हाताखालून गेली, तिथं असलं सांगू नये. दुपारपर्यंत कुणी निर्गुडीचा पाला आणला, कुणी लसणाचं तेल, कुणी गरम पाण्याची पिशवी. पलीकडच्या घरातली तेजश्री, जिची इरा जेमतेम तीन आठवड्यांची, ती इराला आपल्या आईकडं सोपवून आली आणि कुसाबाईचा हात मांडीवर घेऊन चोळायला लागली.

"इथं दुखतं का, आजी?"

"नाय गं."

"मग इथं?"

"थोडं... वर. नाय, खाली." चांगल्या धडधाकट हातात दुखणं शोधता शोधता कुसाबाईला घाम फुटला.

चार-पाच दिवस असेच गेले. हाताला फडकं बांधून कुसाबाई अंगणात उन्हाला बसायची. भिंतीपलीकडून इराचं रडणं यायचं. तेजश्रीची आई शहरातली, तिला न्हाऊ घालणं जमत नव्हतं, बाळ हातातून निसटेल या भीतीनं ती नुसतं पुसून काढायची. "पोट नाय चोळलं," कुसाबाई आपल्याशीच पुटपुटायची. "म्हणून रडती ती. पोट नाय चोळलं." मग उठायची आणि काही नाही तर वरवंटाच धुवायची, पाठ-पोट चोळून.

हे संजनानं बघितलं. वरवंट्याला तेल लावताना बघितलं तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. ती सरळ भिंतीशी गेली आणि तेजश्रीला म्हणाली, "सासूबाईंचे हात ठणठणीत आहेत. आमचं गटाराचं बिल दुखतंय." आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना तिचंही तोंड उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरक्ष कामावर निघाला तर फाटकात स्कूटर काढायला जागा नाही. तेजश्री उभी होती, काखेत इरा आणि पायाशी गरम पाण्याची बादली. तिच्यामागं आणखी एक आई, तिचीही बादली. तिसरीनं तर दुधाच्या कॅनमध्ये पाणी आणलं होतं.

"हे काय?" गोरक्ष म्हणाला.

"पाणी आमच्या मीटरचं," तेजश्री म्हणाली. "आजींचे फक्त हात."

गोरक्षनं एकदा घड्याळाकडं बघितलं, एकदा आत, जिथं फडकं बांधलेल्या हातानं आई दारात उभी होती. मग स्कूटर स्टँडला लावली, बादली उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली. "सांडू नका," एवढंच म्हणाला. चांदवडच्या चिक्कू आजीचा नातू आहे हे कळायला तेवढं पुरे होतं.

कुसाबाईनं दातांनी फडक्याची गाठ सोडली.

पण तिच्या मनाला एक टोचणी लागलीच. दिवाकरराव फिरायला निघाले तसं तिनं त्यांना फाटकातूनच हाक मारली. "भाऊ, एक विचारते. पाणी यांच्या घरचं, पण वाहतंय माझ्या मोरीतनं. माझं मीटर गप बसलंय आणि गटार तर धो धो. ही चोरी तर नाय ना होत?"

दिवाकरराव काठी टेकून थांबले. बादल्या बघितल्या, आया बघितल्या. "नाही हो, कुसाबाई. ते पाणी ज्याच्या नळातून निघालं त्याच्या नावावर पडलं. पुढं कुणाच्या मोरीत ओतलं तरी जायचं एकाच टाकीत." मग म्हणाले, "गेल्या वर्षी मात्र तुम्ही आमच्या सगळ्यांचं भरलंत. माहेरी आलेल्या आमच्या लेकीच्या बाळाचंसुद्धा. हे तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं त्यात? लेकरू न्हालं, संपलं."

"संपलं कसं? सभेत मांडतो मी."

"मांडा. पण आधी बाजूला व्हा, ऊन अडतंय बाळाचं."

ते बाजूला झाले. कुसाबाईनं इराला नडगीवर घेतलं, पोटावरून तेलाचा हात गोल फिरवला. पहिला तांब्या पडला तशी इरा दचकली, दुसऱ्याला गप्प झाली, आणि तिसऱ्याला तिनं आपल्याच पाण्यानं कुसाबाईचं लुगडं भिजवून टाकलं.

"घ्या," कुसाबाई दिवाकररावांकडं बघून म्हणाली, "हे कुणाच्या नावावर टाकता?"