राखेतली जर

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास नेवाशातलं माझं कापडाचं दुकान जळालं. भारी शालू आधी हलवून विम्यासाठी मीच आग लावली, असा कंपनीला संशय आला. तक्रार झाली आणि तपासाला नगरहून एक हवालदार आले. पन्नाशीचे, मिशा पिकलेल्या. माझी बाजू त्यांनी ऐकून घेतली, पण मान हलवली नाही. माझ्या बायकोकडून पिठाची चाळणी मागून घेतली आणि दोन दिवस उकिडवे बसून राख चाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. तळहातावर काळ्या तारांचे पुंजके होते. एक त्यांनी नखाने खरवडला, तशी आत चांदी चमकली.

"जर हाय ही. शालू हितंच जळाल्यात."

"तुम्ही मला वाचवलंत," मी म्हणालो.

"वाचवाया न्हाई आलो. गुन्हा दिसला असता तर बेड्या घातल्या असत्या. न्हाई दिसला, तर तसंबी लिहावं लागतं."

पंचांसमोर त्यांनी तसं लिहिलं आणि एस्टीने निघून गेले.

माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, हेच बरं झालं. गावालाही शंकेला जागा उरली नाही. पाडव्याला दुकान पुन्हा उघडलं. माझ्याविषयी कुजबुजणारेच लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला पहिले आले.