दळणाची गोष्ट आणि एक शेरा

घरी पाहुणे आले की मी दळणाची गोष्ट सांगतो. अंबाजोगाईच्या कॉलेजात नवा लागलो तेव्हा विभागप्रमुखांचं दळण मी सायकलवर गिरणीत न्यायचो. एकदा परतताना चढावर डबा सुटला आणि मी पिठानं असा माखलो, की सरांचं कुत्रंही मला ओळखेना. इथं सगळे हसतात. मग मी जरा थांबून म्हणतो, "कामाची लाज नव्हती आम्हाला."

आता विभागप्रमुख मीच. यंदा एक तरुण मॅडम आल्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढाच पगार. शिकवतात लई छान. मार्चात मी त्यांना म्हणालो, "माझी प्रमोशनची फाईल तेवढी रविवारी ऑनलाइन भरून टाका."

"सर, फाईल तुमची आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "कशी भरायची ते उद्या दाखवते. दहा मिनिटांचं काम आहे."

मला दाखवणार! पुढच्या वर्षी त्यांना ठेवायचं की नाही, हे माझ्या शेऱ्यावर होतं. मी लिहिलं, 'सहकार्याची वृत्ती नाही.' झोकात सही ठोकली आणि कागद प्राचार्यांकडे धाडला.

संध्याकाळी मेव्हणे आले होते. दळणाची गोष्ट झाली, तिला मी मॅडमचं शेपूट जोडलं. "बघा, ही आजकालची पिढी!"

बायको कप उचलत म्हणाली, "त्या दिवशी मोरीत नळ सोडून रडत बसलतात, ते न्हाई सांगत कधी? एमए काय हमालीसाठी केलं का, म्हणत होतात."

मेव्हणे बशीकडे बघत राहिले.

सकाळी प्राचार्यांच्या केबिनचं कुलूप उघडायच्या आधीच मी दारात. ते माझ्याच वयाचे, जुने दोस्त. "शेरा बदलायचाय."

"कामून रे? काल तर लई तापलतास."

"चुकून लिहिलं," मी म्हणालो. तेही खोटंच. नव्या कागदावर लिहिलं, 'अध्यापन उत्तम. पुन्हा नेमावे.'

त्याच दुपारी मॅडमनी फाईल भरायला शिकवली. माझ्या दहा मिनिटांना दीड तास लागला. त्या एकदाही वैतागल्या नाहीत.

जूनमध्ये नेमणूक झाली तशा त्या पेढे घेऊन आल्या. "सर, तुमच्या शेऱ्यामुळं झालं."

पहिल्या कागदाचं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि त्यात पेढा घातला.

"अजून एक घ्या की सर."

मी घेतला.