पाचमिनिटवाल्यांचे सात थर

काकांना सगळी गल्ली 'पाचमिनिटवाले' म्हणायची आणि त्यांना त्याचा अभिमानच होता. अडतीस वर्षं त्यांनी फोटोचं दुकान चालवलं. दुकान कसलं, एक काउंटर, एक गोल स्टूल, मागे पांढरा पडदा आणि आरशाखाली दोरीने बांधलेला कंगवा. दोरी एवढ्याचसाठी, की पूर्वीचे तीन कंगवे गिऱ्हाइकांबरोबर निघून गेले होते. दारावर पाटी, 'ओळखपत्राचे फोटो पाच मिनिटांत'. बसा, हनुवटी खाली, इकडे बघा, झालं. माणूस स्टुलावर नीट टेकायच्या आत त्याचा फोटो निघालेला असायचा. चेहरा कसा आला हे विचारायची पद्धत तिथे नव्हती. कुणी तोंड वाकडं केलंच, तर काका म्हणायचे, चेहरा तुमचाच आहे ना, मग घेऊन जा.

असा हा माणूस सदुसष्टाव्या वर्षी तैलचित्र शिकायला निघाला. तेही जुन्या पद्धतीचं, ज्यात रंगाचा एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नसतो आणि वाळायला कधी आठवडा लागतो, कधी तीन. ऐकलं त्या प्रत्येकाने कपाळाला हात लावला. पण त्याला कारण होतं, आणि ते कारण घरातच होतं.

काकूंचा एकही धड फोटो नव्हता. फ्लॅश उडाला की त्यांचे डोळे मिटायचे. लग्नाच्या फोटोत मिटलेले, लेकीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं त्या फोटोत मिटलेले, बहिणीच्या नव्या घरासमोर सगळे ओळीने उभे आहेत त्यातही मिटलेले. उघडे होते ते फक्त ओळखपत्रावर. त्या वेळी काकांनी शक्कल लढवली होती. कॅमेऱ्यामागून ते म्हणाले, "माझ्या डोक्यावर भिंतीला पाल आहे," आणि बटण दाबलं. फोटो नियमात बसला, पण त्यातली बाई आजतागायत पालीकडे बघते आहे. त्यानंतर काकू कॅमेऱ्यासमोर म्हणून बसल्या नाहीत. नातेवाईक टोमणे मारायचे, फोटोवाल्याची बायको आणि फोटोच नाही. काकू हसून सोडून द्यायच्या. काका मात्र मूग गिळून बसायचे. सगळ्या गावाला चेहरे वाटले आणि घरच्या माणसाला तिचा चेहरा देता आला नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि दुकान बंद झालं. घरी बसल्यावर काकांनी पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, तेही पाच मिनिटांत. काकूंना मीठ सापडायला तीन दिवस लागले. तेव्हा परगावच्या लेकीने फोनवरून चित्रकलेच्या वर्गाचं नाव काढलं. काकांनी चौकशी केली आणि घरी येऊन काकूंना म्हणाले, की तैलचित्राला फ्लॅश लागत नाही. जणू तो शोध त्यांनीच लावला होता.

काकूंनी बराच विचार केला. मग बसायला कबूल झाल्या, पण एका अटीवर. "डोळे उघडे आले आणि ती मी वाटले, तर भिंतीवर लावा. नाहीतर माळ्यावर टाकायचं. आणि पुन्हा मला कशाहीसमोर बसा म्हणायचं नाही."

काकांनी त्याच संध्याकाळी बाहेरच्या खोलीत खिळा ठोकला. कॅनव्हास अजून विकत आणायचा होता. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्या खिळ्याला बाजाराची पिशवी अडकवली.

वर्ग एका जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. शिकवणाऱ्या मास्तरीणबाई काकांच्या लेकीपेक्षाही लहान. त्यांनी पहिल्या दिवशी काकांकडे नीट निरखून पाहिलं, कपाटातून एक पिवळं पडलेलं शाळेचं ओळखपत्र काढलं आणि समोर ठेवलं. त्यावर दहा वर्षांची मुलगी होती, एक भुवई वर, तोंड अर्धवट उघडं, बहुधा शिंकेच्या आधीचं. बाई म्हणाल्या, की तुमच्या दुकानातला हा फोटो मी सहा वर्षं गळ्यात घालून हिंडले, काका. काकांनी चष्मा वर करून फोटो तपासला आणि दोन्ही कान व्यवस्थित दिसताहेत, एवढंच म्हणाले. पुढे सहा महिने बाईंनी त्याचा वचपा काढला, पण शिकवण्यात कसूर केली नाही.

त्यांची पद्धत साधी आणि छळवादी होती. आधी सगळं चित्र फक्त करड्या रंगात. उजेड कुठे, सावली कुठे, तेवढंच. ते खडखडीत वाळलं, की वर खऱ्या रंगांचे पातळ थर, भरपूर जवसाच्या तेलात थेंबभर रंग, काचेसारखे, खालचं दिसू देणारे. असे सहा. खालच्या थरात तेल कमी, वर वाढवत न्यायचं, नाहीतर पुढे तडे जातात. घाई केलीत तर मला सांगू नका, असं बाई म्हणाल्या, मला दिसेलच.

घरी रोज चारला, खिडकीचा उजेड एका बाजूने यायचा तेव्हा, काकू वेताच्या खुर्चीत बसायच्या. बसायच्या म्हणजे सातव्या मिनिटाला झोपायच्या. त्यांचंही बरोबरच होतं. लग्न झाल्यापासून त्यांना कुणी दिवसाढवळ्या, हातात काही काम न देता, नुसतं बस म्हणून सांगितलंच नव्हतं. काकांनी पहिल्या दिवशी दोनदा खाकरून पाहिलं, मग नाद सोडला. तूर्तास नाक आणि गालच तर हवे होते.

करडा थर पुरा झाला तेव्हा काकू पदर खोचून बघायला आल्या. डोळ्यांच्या जागी दोन सावल्या आणि बाकी सगळी राखेच्या रंगाची बाई.

"हे मी गेल्यावरचं आहे का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

रंग नंतर येणार आहे, काका म्हणाले. नंतर म्हणजे कधी? तीन आठवड्यांनी. म्हणजे तोवर मी अशीच राहणार, असं म्हणून काकूंनी चित्रावर एक जुनी चादर टाकली, कारण येणारे-जाणारे विचारतील.

तीन आठवडे थांबणं काकांच्या रक्तात नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांचा धीर सुटला. दुकानातून घरी आणलेला फोटो वाळवायचा हीटर माळ्यावर होता. तो त्यांनी खाली काढला, झटकला आणि चित्रासमोर लावला. त्यात आधीच, रंग नीट सरकावा म्हणून त्यांनी पहिल्या थरात बाईंना न सांगता तेल जास्त घातलं होतं. तासाभरात रंगावर साय धरली आणि ती आक्रसली. काकूंच्या गालांवर, कपाळावर, गळ्यावर बारीक बारीक सुरकुत्यांचं जाळं उठलं. काकांना घाम फुटला. काकू मात्र चष्मा लावून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, की इतक्या दिवसांत एवढंच काय ते माझ्यासारखं जमलंय, राहू द्या.

राहू देता येणार नव्हतं. चित्र वर्गात नेल्यावर बाईंनी त्यांच्या हातात पातं दिलं आणि काकांनी एक अख्खा दिवस आपल्या बायकोचा चेहरा खरवडला. हीटर त्यांनी स्वतःहून भंगारात दिला. मग पुन्हा करडा थर, या वेळी तेल मोजून, आणि पुन्हा तीन आठवडे. ते तीन आठवडे काका घरात असे हिंडले, की काकूंनी त्यांना शेवटी डबे हवे तसे लावायची परवानगी दिली.

त्यानंतर रंग चढू लागले, आणि खरं सांगायचं तर काका हरखले. थेंबभर लाल तेलात फेटायचा, गालावर पसरायचा आणि तळव्याने टिपून घ्यायचा. रंग लावला असं वाटूच नये, नुसतं रक्त आल्यासारखं व्हावं. आठवड्याने वर पिवळसर, मग सावलीत थोडा तपकिरी. वाट बघायच्या दिवसांत दुसरं काही करता येत नसे, म्हणून ते झोपलेल्या काकूंकडे बघत बसत. असं बघण्याची त्यांना सवय नव्हती. डावी भुवई उजवीपेक्षा विरळ होती. हनुवटीखाली नखाएवढा एक जुना व्रण होता. काकूंना जाग आल्यावर त्यांनी विचारलं, हे कधी झालं?

"तुमच्या कॅमेऱ्याचा स्टँड अंगावर पडला होता. लग्नाला दोन वर्षं झाली असतील. पट्टी तुम्हीच लावली होतीत."

काकांना काही म्हणजे काही आठवेना. पट्टी लावली तेव्हा दुकान उघडायची घाई असणार, एवढं मात्र त्यांनी ओळखलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्रण चित्रात घातला.

पाच थर झाले आणि घोडं पेंड खाऊ लागलं ते डोळ्यांपाशी. अटीचे डोळे. काकूंना जागं राहायला सांगितलं, की त्या इतक्या निग्रहाने जाग्या राहायच्या, की डोळ्यांत पाणी यायचं. जरा सैल बस म्हटलं, की झोप. हसून बघ म्हटलं, की कुणा सरकारी साहेबाकडे काम असल्यासारखं हसायच्या. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी, काकू बाजारात गेलेल्या असताना, काकांच्या आतला दुकानदार उठला. त्यांनी कपाटातून ओळखपत्र काढलं, चित्राला टेकवून ठेवलं आणि त्यातले डोळे जसेच्या तसे उतरवले. घड्याळ पाहिलं नाही, पण पाच मिनिटांच्या फार वर गेले नसतील.

काकू आल्या. पिशवी खाली ठेवली. चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"पाल कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

त्यात चेष्टा नव्हती. पिशवी परत खिळ्याला अडकवून त्या आत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता खुर्चीत बसायला आल्या नाहीत. काकांनी दोनदा हाक मारली. काम आहे, एवढंच उत्तर आलं. अडतीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या नाराजीने त्यांची झोप कधी उडाली नव्हती, आता मात्र डोळ्याला डोळा लागेना.

काकांनी चित्र वर्गात नेलं. बाईंनी ते पाहिलं आणि कान टोचायचंही टाळलं, इतका काकांचा चेहरा पडला होता. खालचे थर वाळलेत ना, त्यांनी विचारलं. मग वरचं ओलं आहे तोवर फडक्याने पुसा, खालचं हलणार नाही, नीट थांबलात त्याचा तेवढा फायदा. काकांनी फडकं भिजवून हलक्या हाताने डोळे पुसले. खालचा गाल, भुवई, सावली, सगळं जिथल्या तिथे होतं. ते घरी गेले आणि काकूंना म्हणाले, की चुकलंच माझं. त्या पालीच्या वेळीही चुकलं होतं. काकूंनी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं, चार वाजलेत हे पाहिलं आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

तीन रात्री झोप नव्हती, मनावरचं ओझं उतरलं होतं, खोलीत ऊन आलं होतं. या वेळी काकू झोपायच्या आत काकाच झोपले. हातात कुंचला, मान मागे, तोंड उघडं.

किती वेळाने कोण जाणे, त्यांचे डोळे किलकिले झाले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. डोळे पूर्ण उघडे, शांत, कोपऱ्यात जरासं हसू, थोडी दयाही असावी. हे डोळे काकांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

"किती वेळ बघते आहेस?"

"आज? अर्धा तास झाला असेल."

"आज म्हणजे?"

"तुम्ही दुपारी दुकान मिटवून घरी यायचात. जेवलात की पेपर तोंडावर घेऊन आडवे. पेपर घसरला, की मी भांडी पुसता पुसता बघायची. रोजचंच आहे ते. तुम्हाला कसं कळणार, तुम्ही झोपलेले असता."

कुंचला हातात होता, तेलही समोर होतं, तरी त्यांनी रंगाला हात लावला नाही. उजेड जाईपर्यंत ते नुसते बघत बसले आणि काकूंनीही डोळे मिटले नाहीत.

पुढचे दिवस जी काही पद्धत सुरू झाली ती कुठल्याही वर्गात शिकवत नसतील. काका मान मागे टाकायचे, डोळे मिटायचे आणि खोटं घोरायचे. ते खोटं आहे हे काकूंना ठाऊक असायचं, तरी नजर आपसूक तिथे जायची. मग काका एक डोळा उघडायचे, बघून घ्यायचे, कॅनव्हासवर दोन बारीक फटकारे मारायचे आणि परत घोरायला लागायचे. शेजारीण एकदा साखर मागायला आली आणि दारातूनच परत गेली. डोळे असे तीन आठवड्यांत झाले. मग सातवा थर, जवळजवळ नुसतंच तेल. तो वाळायला आणखी तीन आठवडे, आणि त्यात काकांनी एकदाही बोट लावून पाहिलं नाही.

ठरलेल्या दिवशी काकांनी चादर काढली आणि बाजूला उभे राहिले. काकू किती तरी वेळ बघत होत्या. दुकानात काका कधी विचारत नसत, इथे विचारायचा धीर होत नव्हता.

"मीच आहे," काकू शेवटी म्हणाल्या. त्यांनी खिळ्यावरची पिशवी काढून हातात घेतली. "पिशवीला दुसरा खिळा ठोका."

काकांनी चित्र टांगलं, सरळ केलं. काकूंनी मागे वळून पाहिलं. चित्राच्या बरोबर समोर कपाट होतं.

"आणि ते कपाट हलवा. तुमची आरामखुर्ची तिथे ठेवा. तिला काय कपाटाकडे बघत बसवणार आहात?"

कपाट जड होतं, दोघांनी मिळून ढकललं. आरामखुर्ची तिथे आली. दुपारी जेवण झाल्यावर काका नेहमीसारखे आडवे झाले. आत काकू भांडी पुसत होत्या. त्या दुपारी काकांनी पेपर तोंडावर घेतला नाही.