दोन चालींचं पाडस

युट्रेख्टच्या प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर अमेरिकेतून हरणांच्या कानांचे तुकडे येतात. वाटाण्याएवढे, छोट्या बाटल्यांत बुडवलेले. तिकडच्या काही रानांत हरणांच्या दोन प्रजाती शेजारी शेजारी राहतात: एक पांढऱ्या शेपटीची आणि दुसरी खेचरासारख्या मोठ्या कानांची, म्हणून तिला म्यूल डीअर म्हणतात. क्वचित दोघांची जोडी जमते आणि मिश्र पाडस जन्मतं. शिकारी शेपटी नि शिंगं बघून छातीठोकपणे ‘हे मिश्र’ असं लिहून पाठवतात आणि बऱ्याचदा तोंडावर पडतात. खरं काय ते डीएनए सांगतो, आणि तो वाचणं हे माझं काम. लग्नानंतर इथे आल्यावर चार वर्षं मी नवऱ्याच्या व्हिसावर, डिपेंडंट म्हणून घरात बसून काढली होती, त्यामुळे या कामाचा मला जरा जास्तच अभिमान आहे. तोच नडला.

सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे आइंडहोवनजवळ न्यूनेनला तीन महिने राहायला आल्या होत्या. मी बौद्ध, त्यांचा मुलगा त्यांच्या मते वरच्या घरातला. आमच्या कोर्टातल्या लग्नाला त्या आल्या नव्हत्या. नात अकरा वर्षांची झाल्यावर त्यांचं मन वळलं, आणि नवरा म्हणाला, आता वादाचं काही नको. म्हणून त्या यायच्या आदल्या दिवशी मी हॉलमधली निळ्या कोटातली तसबीर उतरवली. माझ्या माहेरच्या वस्तीत या तसबिरीशिवाय एक घर सापडणार नाही. बुद्धाची मूर्ती मात्र जागेवर राहिली. इथे बुद्धाचं डोकं रोपांच्या दुकानातही मिळतं, शेजारच्या डच बाईंच्या न्हाणीघरातही आहे, तेव्हा तो शोभेत खपून गेला. तसबीर चादरीत गुंडाळून कपाटात गेली. स्टूल डुगडुगत होतं, ते मुलीने धरलं. का काढतेस असं तिने विचारलं, तर मी म्हटलं, काच पुसायची आहे. जात हा शब्द तिच्या कानावर पडूच द्यायचा नाही, असं ती जन्मली तेव्हाच आम्ही दोघांनी ठरवलं होतं. त्यासाठीच तर इतक्या लांब आलो, असं मी माहेरी ऐटीत सांगायचे.

एका रविवारी दुपारी आइंडहोवनची दोन मराठी कुटुंबं जेवायला आली. कुणीतरी माझ्या कामाचं विचारलं आणि मी सुटलेच. संकट दिसलं की म्यूल डीअर चारी पाय एकदम आपटून उंच उड्या घेत जातं, आणि पांढऱ्या शेपटीचं सरळ धूम ठोकतं. मिश्र पाडसाला धड उडी जमत नाही की धड पळणं. बरीचशी लहानपणीच मारली जातात. त्याची चाल मी टेबलावर बोटांनी करूनही दाखवली. सगळे हसले, मुलगीही हसली.

सासूबाईंनी श्रीखंडाचं भांडं पुढे सरकवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “बघा, म्हणूनच आपल्यात सगळं बघून-सवरून करतात. मिसळलं की लेकरू ना इकडचं राहतं ना तिकडचं.” बोलता बोलता त्यांनी नातीच्या केसांवरून हात फिरवला. शब्दांपेक्षा मला त्या हाताचा जास्त संताप आला.

पाहुण्यांपैकी एकीने पुऱ्या छान झाल्यात असं सांगितलं. नवरा पाणी आणायला उठला, आणि पाण्याचा जग तर टेबलावर भरलेला होता.

मला सांगता आलं असतं की ती हरणं खरोखर दोन वेगळ्या प्रजाती आहेत आणि आपण सगळे एकच आहोत. हेही सांगता आलं असतं की शुद्ध म्हणवणाऱ्या म्यूल डीअरच्या आईकडून आलेल्या डीएनएतसुद्धा पांढऱ्या शेपटीवाल्यांची जुनी खूण सापडते. रोज तेच तर वाचते. मी काय केलं? भात कुणाला हवा, असं विचारलं. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सायकल लावून घरात आले, तर मुलगी जिन्यावर बसली होती. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र डचमधून.

“आई, मी ते पाडस आहे का?” तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “पण मला पळता येतं. वर्गात माझा दुसरा नंबर असतो.”

मी तिथेच, अंगातलं जाकीट न काढता तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. जात म्हणजे काय, आजी लग्नाला का आली नाही, कपाटात काय आहे आणि का. अकरा वर्षं दडवलेलं सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, काच मुळात घाण झालीच नव्हती ना?

मी कपाटातून तसबीर काढली आणि स्टूल ओढलं. सासूबाई सोफ्यावर बसून बघत होत्या. तेवढ्यात नवरा ऑफिसातून आला आणि हळूच म्हणाला, “तीनच आठवडे राहिलेत गं आईचे. तेवढं थांबली असतीस.” मी स्टुलावर चढले. तो बूट काढत दारातच उभा राहिला.

मुलीने न सांगताच येऊन स्टूल धरलं. तसबीर खिळ्यावर बसली तेव्हा तिने खालून विचारलं, “आजी पुन्हा आली की परत काच पुसायची?”

“नाही,” मी म्हणाले.

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिच्या जागी मी असते तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.