फिटरचा रिकामा खिसा

२०१९ साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो, आणि फिटर माझ्याहून एका वर्षाने मोठा. घराबाहेर पडताना तो छातीवरच्या खिशाला हात लावायचा. खिसा रिकामाच असायचा. तीस वर्षं तो अणुवीज केंद्रात फिटर होता. तिथे छातीवर बिल्ला असल्याशिवाय आत सोडत नसत. अंगावर किती किरणं पडली ते त्या बिल्ल्यावरून कळायचं. निवृत्त होताना बिल्ला परत केला, हात मात्र जायचाच. कोणी हसलं तर म्हणायचा, "जे दिसत नाही, त्याच्यावर आधी नजर ठेवायची."

आम्ही कोकणातल्या एकाच गावचे, परळच्या एकाच चाळीत, समोरासमोर. मी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होतो, शिक्षण चौथी. तो सातवी. पण अणूच्या आत जाऊन आलेला गावात तोच एक, म्हणून गावाने त्याला शास्त्रज्ञच करून टाकला. "मी नट आवळतो रे," तो सांगायचा. कोण ऐकतो? चाळीतला नळ गळायला लागला की वायसर बदलून तो तासभर तिथेच उभा, थेंब पडतो का बघत. असा त्याचा हात.

आमच्या गावचा कुठलाही मोठा निर्णय मुंबईकरांच्या होकाराशिवाय होत नाही. त्यासाठी चाळीच्या तळमजल्यावर गावची खोली आहे. गावाजवळ अणुप्रकल्प येणार म्हटल्यावर तिथे बैठक भरली. फिटर म्हणाला, येऊ द्या, मी आत राहून आलोय. प्रकल्पाला हवा होता गावचा सडा, वरचं कातळाचं पठार, आणि माझी काजूची झाडं त्याच सड्यावर. मी उठलो आणि नको म्हणालो. तो सगळ्यांदेखत बोलला, "चौथी पास माणसाने अणूवर बोलू नये."

सात वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. त्याची बायको घावणे पाठवायची, ते खायचो. बोलायचो नाही.

मध्ये प्रकल्प रेंगाळला. एका पावसाळ्यात फिटर गावी असताना वादळाने विजेचे खांब पाडले. आठवडाभर गाव अंधारात. आरोग्य उपकेंद्राच्या छपरावर मात्र सौर पाटे होते, त्यांच्यावर लसींचा फ्रिज चालू राहिला. फिटर रोज जाऊन त्या पाट्यांखाली उभा राहायचा म्हणे, गळणाऱ्या नळापाशी राहायचा तसा.

मग २०१९ला जमिनीची बोलणी पुन्हा सुरू झाली आणि ठराव आमच्या खोलीत आला. सगळे फिटरच्या तोंडाकडे बघत होते. गावचा सडा राहणार की जाणार, ते तो काय म्हणेल त्यावर होतं.

तो उठला. म्हणाला, आमचं केंद्र चोख होतं, त्याची मला लाज नाही. पण जळून झालेलं इंधन आम्ही पाण्यात ठेवायचो आणि त्याच्यावर नजर ठेवायचो. "माझी नजर तीस वर्षांची. त्याला लागते पिढ्यान्‌पिढ्या. आपल्या गावात ती नजर ठेवायची पाळी कोण करणार? मागे मी हो म्हणालो, ते चुकलो. सडा देऊ नका. छपरं द्या, उन्हाला."

मागून कोणीतरी टोमणा मारला, अणूची पेन्शन खाऊन पलटी मारलीस, आणि रात्री ऊन कुठून आणणार? फिटर शांतपणे म्हणाला, "बॅटरी असते, धरणाचं पाणी असतं, वारा असतो. आणि रात्री तू झोप ना."

मला राहवलं नाही. उठून म्हणालो, मी हेच सात वर्षांपूर्वी सांगत होतो. तो गर्रकन वळला. "गप रव रे. तू न कळता नाय म्हटलंस, मी कळान म्हणतंय."

सात वर्षांनंतरचा पहिला शब्द हा. खोली हसली. मी खाली बसलो. भरल्या खोलीत आपली चूक उभ्याने सांगणारा माणूस माझ्या दारासमोर राहत होता. मला ते जमलं नसतं, आजही जमत नाही. ठराव नामंजूर होऊन परत गेला. देवळाच्या सभामंडपावर पाटे बसवायचं ठरलं.

फिटर आता नाही. पाटे आहेत, गावची नळयोजना त्यांच्यावर चालते, आणि सड्यावर माझे काजू.

त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, गावी निघालोय, नट आवळायला माणूस पाहिजे. तो आत जाऊन छोटा पाना घेऊन आला, छातीवरच्या खिशात ठेवला, वरून हात लावून बघितला आणि माझ्यापुढे जिना उतरायला लागला.