दादासाठी वजन उतरवताना

मी मस्कतला निघाले त्या दिवशी सायखेड्यात आमच्या अंगणात कांद्याचा वजनकाटा बाहेर काढला होता. विमानात माणशी ठरावीक किलोच सामान नेता येतं, हे माझ्या नवऱ्याने पत्रातून बजावलं होतं, आणि आईने बांधलेली बोचकी बघून दादाने कपाळाला हात लावला. काळा मसाला, कुरडया, बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, वर लोणच्याची बरणी. काटा खाली गेला की आई माझी एखादी साडी काढायची आणि तिच्या जागी पापडाचं पुडकं सारायची. "साडी तिथं बी मिळंल," ती म्हणाली, "हे कोण देणार तिला?" सामान एकदाचं बसलं. मग दादाला लहर आली आणि त्याने मलाच काट्यावर उभं केलं. मी कांद्याच्या एका गोणीपेक्षाही कमीच भरले. "चाळीत साठवलेला कांदा घटतो," दादा म्हणाला, "ही वाढंल बघ." सगळे हसले. आई रडता रडता हसली, आणि जीप सुटली.

वडील माझ्या लहानपणीच गेले होते. शेत, घर, माझं कॉलेज, माझं लग्न हे सगळं दादाने रेटलं. तो माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, पण मला तो कधी तेवढाच मोठा वाटला नाही.

त्याचा काट्यावरचा शब्द खरा ठरला. नव्वदच्या दशकात मस्कतला आलेल्या आम्हा बायकांचं आयुष्य म्हणजे दारातून गाडीत, गाडीतून दुकानात आणि पुन्हा एसीत. बाहेर ऊन असं की खिडकीची काच हाताला चटका द्यायची. शुक्रवारी सुट्टी. मराठी मंडळी कुणा ना कुणाच्या घरी जमायची, आणि प्रत्येकीच्या डब्यात आपापला जिल्हा असायचा. गाव सोडून गेलेल्यांना हे सांगायला नको. गावात असताना वरण-भाकरीवर राहणाऱ्या आम्ही इथे दर आठवड्याला सणाचं जेवण करत होतो. आठवण आली की खायचं, आणि आठवण तर रोजच यायची.

फोन महाग होता. त्यामुळे आई एकच प्रश्न विचारायची, "काय जेवली?" मी सांगायचे, ती "बरं बरं" म्हणायची, आणि आमचं बोलणं पूर्ण व्हायचं. सुट्टीत घरी आले की ती मला दारातच निरखायची आणि शेजारणीला सांगायची, "अंग धरलंय पोरीनं. सुखात हे." माझ्या सुखाचा गावापर्यंत तेवढाच पुरावा पोचत होता. मीही तो दरवर्षी थोडा वाढवून नेत होते.

आमच्याकडे जेवणाऱ्याच्या भाकरी मोजायच्या नाहीत. मोजल्या तर खाल्लेलं अंगी लागत नाही, असं आई मानायची. लहानपणी मी एकदा दादाला "तुझी चौथी" म्हणाले, तर तिने तव्यावरचं उलथनं माझ्यावर उगारलं होतं. ती चुलीपुढे बसून भाकरी थेट ताटात टाकायची आणि आपण "बास" म्हटलं की अर्धी आणखी टाकायची.

दोन हजार सालानंतर कधीतरी वहिनीचा फोन आला. दादाच्या पायांवर सूज होती, मग तोंडावर आली, मग नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मोटारसायकलवर मागे बसून तो नाशिकला जायचा आणि येताना त्याला धरून आणावं लागायचं. किडनी द्यायची तर वहिनीचा रक्तगट जुळेना. आईला साखर. उरले मी. उन्हाळ्यात येऊन सगळ्या तपासण्या केल्या, सगळं जुळलं, आणि शेवटी डॉक्टरांनी मला वजनाच्या मशीनवर उभं केलं. "ताई, इतक्या वजनावर तुमची किडनी काढणं तुमच्याच जिवाला धोक्याचं आहे. आधी उतरवा, मग बोलू." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला माझ्याच अंगाचा असा राग आला की काय सांगू. दादाजवळ फार वेळ नव्हता हे डॉक्टरांनी बोलून दाखवलं नाही, पण ते सगळ्यांना कळत होतं.

मस्कतच्या क्लिनिकमध्ये आहार सांगणाऱ्या एक केरळच्या मॅडम होत्या. त्यांनी मला एक डायरी दिली आणि हिंदीत सांगितलं, जे तोंडात जाईल ते लिहायचं, रोज, त्याच वेळी. मी मन लावून लिहिलं. दादाचा जीव त्यात अडकला होता, मी कशाला खोटं लिहीन? पंधरा दिवसांनी काटा उलट वर सरकला होता. मॅडमनी डायरी चाळली. गुरुवारच्या पानावर फक्त एक शब्द होता, "उपवास". चतुर्थीच्या पानावरही तोच.

"पूरा दिन कुछ नहीं खाया?" त्यांनी घाबरून विचारलं. मस्कतमध्ये उपवास म्हणजे रोजा, पाण्याचा थेंबही नाही.

"नहीं मॅडम, उपवास था."

"पानी?"

"पानी पिया. चाय पी."

"और?"

"और थोडी खिचडी."

मग एकेक बाहेर यायला लागलं. तुपातली साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी रताळं. मॅडम लिहिता लिहिता थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी खोटं बोलत नव्हते हो. आमच्या घरात ते खाणं धरतच नाहीत. उपवासाच्या दिवशी आई दिवसभर खाऊन संध्याकाळी म्हणायची, "आज पोटात काय नाय." त्याच हिशेबाने मुलांच्या ताटातलं उरलेलं, भाजीची चव बघताना गेलेलं, प्रसाद, उभ्या उभ्या तोंडात टाकलेले दाणे, हे काहीच मी लिहिलं नव्हतं. जेवण म्हणजे ताट वाढून घेऊन बसतात ते. बाकीचं कुठे मोजायचं असतं?

त्या दिवसापासून सगळं लिहायला लागले, आणि लिहिताना हात आपोआप आखडायला लागला. दाण्यांची मूठ भरली की आधी पेन शोधावं लागायचं, आणि पेन सापडेपर्यंत निम्म्या वेळा खावंसं वाटणंच निघून जायचं. दुपारी चारला, मुलं शाळेतून यायच्या आधी, घर गप्प असताना मी सगळ्यात जास्त खाते हेही तेव्हाच दिसलं. भूक नसायचीच. त्या वेळेला सायखेड्यात दुसरा चहा व्हायचा, ओट्यावर कुणीतरी बसलेलं असायचं. मी मस्कतला बसून त्या ओट्याची भरपाई चिवड्याने करत होते. हे कळल्यावर मी चारला चप्पल घालून इमारतीच्या लांबलचक बंदिस्त व्हरांड्यात फेऱ्या मारू लागले. वजन हळूहळू उतरलं. पण डॉक्टरांना हवं होतं तेवढं अजून नव्हतं, आणि दादा खचत चालला होता. शेवटचे काही किलो तिकडेच उतरवू, म्हणून मुलांना नवऱ्यावर सोपवून मी माहेरी आले.

आईने दारात मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या डोळ्यांना मी दुःखात होते. पहिल्या दिवशी मी ताटावर बसले, एक भाकरी, वाटीभर भाजी, काकडी. तिने सवयीने दुसरी भाकरी उचलली, माझ्या ताटापर्यंत आणली आणि तिचा हात तिथेच थांबला. मग ती भाकरी तिने परत टोपल्यात ठेवली आणि फडकं झाकलं. जेवून मी डायरीत "भाकरी १" लिहिलं, तेव्हा ती उठून मागच्या दारी गेली.

मला वाईट वाटलं. वाईट कसलं, राग आला. कशासाठी आलेय हे माझं मला माहीत होतं, तरी त्या झाकलेल्या टोपल्याकडे बघून वाटलं, ही दादाची आई आहे, माझी नाही. इतकी मोठी बाई, दोन मुलांची आई, पण माहेरी आलं की माणूस पुन्हा लहान होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी काकू डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. "मस्कतला दुष्काळ पडला का काय? पार वाळली की पोर!" आमच्याकडे कुणी आणलेला भरला डबा तसाच परत पाठवणं म्हणजे नातं तोडण्यासारखं. आईने तो डबा काकूच्या हातात परत दिला. "वाळली नाय, तिनं उतरवलंय," ती म्हणाली. "दादासाठी. आजून उतरायचंय. लाडू माघारी ने, बाई, माझ्यावर राग धरू नको."  काकू पदराने डोळे पुसत म्हणाली, "आप्रेशन झालं की आणीन," आणि डबा काखोटीला मारून गेली. आई माझ्याकडे वळली. "सुमे, तुला वाढत नाय मी. पोटची पोर आली न् मी टोपलं झाकून बसते, माझ्यावानी आई असती का?" माझा राग तिथेच संपला. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

दादाचंही सगळं मोजून होतं. दिवसाचं पाणी एका छोट्या तांब्यात काढून ठेवलेलं, त्यातच चहा, त्यातच औषधाच्या गोळ्या. भाजी उकळून तिचं पाणी फेकायचं, मीठ नावाला. द्राक्षं बंद, उसाचा रस बंद. समोर मळ्यात पंप धो धो पाणी ओतत असायचा आणि हा ओट्यावर बसून बर्फाचा खडा चोखायचा. एका जेवणाला माझं ताट बघून तो म्हणाला, "राहू दे, सुमे. माझ्यापायी तू उपाशी, आई अर्धमेली. मी असा ठीक हे." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला भीती वाटली. पण मी त्याला लहानपणीसारखं डिवचलं. "तू तुझं पाणी मोज, मी माझी भाकरी मोजते. आधी कोण चुकतंय बघू." तो हसला. त्यानंतर आम्ही रोज शेजारी बसून जेवायचो आणि एकमेकांच्या ताटावर पाळत ठेवायचो. ज्या घरात भाकरी मोजायची नव्हती, त्या घरात आईसमोर दोन्ही लेकरं मोजून जेवत होती, आणि तीच आता आम्हाला विचारायची, "किती झाली?"

पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी होकार दिला. नाशिकला ऑपरेशन झालं. माझी जखम दादाच्या जखमेपेक्षा जास्त दुखली, हे मी त्याला अजूनही ऐकवते. काही दिवसांनी डॉक्टरांनी त्याला सांगितलं की आता भरपूर पाणी प्या, जितकं प्याल तितकं चांगलं. वहिनीने भरलेला तांब्या त्याच्या हातात दिला. त्याने आधी आमच्याकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. मग तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं. आई म्हणत होती, "पी रे, आजून पी, आजून पी," आणि रडत होती.

मी परत मस्कतला आले. डायरी अजून लिहिते, सवय जडली म्हणून. गावात राहिलेले तुम्ही भेटलात की विचारता, कायमची परत कधी येणार? आधी मी या प्रश्नाला तारीख देऊ पाहायचे, नवऱ्याची नोकरी, मुलांच्या शाळा, असं काहीबाही सांगायचे. आता तारीख सांगत नाही. फोन स्वस्त झालेत. रोज संध्याकाळी मी दादाला विचारते, पाणी पिलास का? तो म्हणतो, "लय पिलो."

इथे आमच्या नळाला समुद्राचं पाणी गोडं करून येतं. गोदावरीच्या काठचं पाणी मला वर्षातून महिनाभर मिळतं. बाकीचे अकरा महिने सायखेड्यात दादा तांब्या तोंडाला लावतो, आणि ते पाणी माझ्यातूनच गाळून जातं.